घारापुरीचा हत्ती

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन राणीच्या बागेत जायचा योग आला. हल्लीच्या मुलांसाठी राणीची बाग म्हणजे पेंग्विन. आमच्या लहानपणी ती म्हणजे हत्तीवरची फेरी आणि परतताना भायखळ्याच्या कोपऱ्यावर उसाचा रस. पेंग्विन बघून झाले, रांगेत उभं राहून माझे पाय दुखायला लागले, म्हणून बाहेर पडताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला सावली बघून जरा टेकलो. तिथे दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. काळपट, झिजलेला, जागोजागी सांधलेला. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत नाहीत. एखादं कुटुंब फोटो काढतं आणि पुढे सरकतं.

"आत्या, हा कोणी बनवला?"

"ते माहीत नाही रे. पण हा इथला नाही. एलिफंटा केव्ह्ज आहेत ना, तिथला आहे. घारापुरीचा."

"मग इथे का आणला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला धड काही सांगता येत नाहीये. "इंग्रजांनी आणला" एवढं म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जुना अल्बम काढला. त्यात बाबांबरोबरचा एक कृष्णधवल फोटो आहे. मी आणि दादा याच हत्तीसमोर उभे आहोत, दादाच्या हातात फुगा आहे आणि माझे डोळे उन्हाने मिटलेले. मागे बाबांच्या अक्षरात 'राणीची बाग, हत्तीजवळ' एवढंच लिहिलंय. लालबागहून चालत आम्ही कितीतरी रविवार तिथे गेलो असू. हा हत्ती कुठून आला असं आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नाही. बागेत झाडं असतात, बाकं असतात, तसा हत्ती होता.

मग थोडं वाचन झालं. वाचून झाल्यावर राहवेना, म्हणून भाच्याला घेऊन एका रविवारी गेटवेवरून लाँच पकडली. (सोमवारी लेणी बंद असतात, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आमच्या ओळखीतले दोघे तिथपर्यंत जाऊन हात हलवत परत आले आहेत.) त्या एका दिवसात आणि त्याआधीच्या वाचनात जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवते.

घारापुरी गेटवेपासून साधारण दहा किलोमीटरवर, लाँचने तासाभराची वाट. ताज हॉटेल मागे पडतं, नौदलाची जहाजं दिसतात, मग तेलाच्या टाक्या असलेलं बुचर बेट, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंचच उंच क्रेन. या सगळ्याच्या मधोमध दोन हिरव्या टेकड्या आणि त्यांच्यामधली खिंड दिसायला लागली की घारापुरी आली. मुंबईतून जातो म्हणून आपण ते मुंबईचंच समजतो, पण बेट आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. तिथे स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. तिन्ही नावांत 'बंदर' आहे हे ध्यानात घ्या. या बेटाचा सगळा इतिहास कोण आलं आणि काय घेऊन गेलं याचाच आहे.

आधी नावाचं बघू. आपण मराठी माणसंसुद्धा सर्रास 'एलिफंटा' म्हणतो. ते नाव पोर्तुगीजांचं. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. घारापुरीच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याला होड्या लागत. तिथून जरासं वर चढलं की काळ्या दगडाचा अख्खा हत्ती उभा होता. लांबी तेराएक फूट, उंची सात फुटांच्या वर. समुद्रातून येणाऱ्याला बेटाची पहिली खूण तीच. म्हणून त्यांनी त्याला 'हत्तीचं बेट' म्हणायला सुरुवात केली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याला पुढे मुंबईचं बेट भाड्याने मिळालं होतं, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात त्याने या बेटाचा उल्लेख केला आहे, आणि तिथले लोक बेटाला 'पोरी' म्हणतात असं सांगितलंय. म्हणजे पुरी. नाव तेव्हाही दोन होती, एक राहणाऱ्यांचं आणि एक येणाऱ्यांचं. जगाच्या नकाशावर कुठलं चढलं ते आपल्याला माहीत आहे.

या 'पुरी'ची गंमत आणखी जुनी आहे. कर्नाटकात ऐहोळे इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे, रविकीर्ती नावाच्या कवीने रचलेला. त्यात पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरी नगरीवर शेकडो जहाजं घेऊन हल्ला केल्याचं वर्णन येतं. आणि त्या जहाजांना कवीने उपमा कसली दिली असेल? मदमस्त हत्तींच्या कळपांची! ही पुरी म्हणजे आपली घारापुरीच, असं काही अभ्यासक मानतात. काही जण जंजिऱ्याजवळच्या राजापुरीकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. पण ते वाचताना मला उगाच वाटून गेलं की या बेटाच्या नशिबी हत्ती लिहिलेलेच होते.

आता त्या दगडी हत्तीचं काय झालं ते. जुन्या प्रवाशांच्या वर्णनांत त्याच्या पाठीवर आणखी एक लहान जनावर कोरलेलं होतं असं येतं. कुणाला ते वाघ वाटलं, कुणाला हत्तीचं पिल्लू. तो शेकडो वर्षं ऊनपाऊस खात उभा राहिला. १७७४ च्या सुमारास बेट इंग्रजांकडे गेलं. १८१४ मध्ये हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली आणि काही वर्षांत धडही खचलं. मग १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले.

इथे जॉर्ज बर्डवुड या माणसाचं नाव येतं. मुंबईच्या त्या वेळच्या संग्रहालयाचा तो क्युरेटर आणि व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, उभी करण्यातला एक महत्त्वाचा माणूस. बाग १८६२ मध्ये सुरू झाली होती. त्याने ते तुकडे बागेत आणवले. म्हणजे भाच्याला मी जे सांगितलं ते अर्धवट होतं. इंग्रजांनी हत्ती मोडला हे खरं, आणि त्याचे तुकडे जमवून ठेवले तेही इंग्रजांनीच. तो विलायतेला गेला असता तर कुठल्यातरी दालनात छान दिव्याखाली उभा राहिला असता, पण मग लालबागच्या पोरांना त्याच्यासमोर फुगा धरून फोटो काढता आला नसता. पुढे ते तुकडे पन्नास वर्षं तसेच पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आपण आज बघतो ते सांधे तेव्हाचे.

बेटावरून गेलेली ही दुसरी गोष्ट. पहिली त्याहून तीनशे वर्षं आधी गेली, आणि ती गेल्याचं मला जास्त वाईट वाटतं.

पोर्तुगीजांनी बेट घेतलं त्यानंतर चारेक वर्षांनी, १५३८ मध्ये, जुवांव द काश्त्रू नावाचा दर्यावर्दी इथे आला. हाच पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला. त्याने लेण्यांचं मापांसकट वर्णन केलं आणि थक्क होऊन केलं. त्याच्यानंतरचा दियोगु द कोतू हा इतिहासकार सांगतो की लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख असलेला दगड होता. पोर्तुगीजांनी तो काढला आणि तिसऱ्या जुवांव राजाकडे पोर्तुगालला पाठवला. राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, पण वाचणारा कुणी सापडला नाही. दगड पुढे कुठे गेला कुणास ठाऊक. हरवला तो हरवलाच.

एक दगड गेला म्हणजे काय गेलं? लेणी कुणी कोरली, कधी कोरली, कुठल्या राजाने खर्च केला, कुठल्या आचार्याने सांगितलं, हे सगळं गेलं. वेरूळ-अजिंठ्याला निदान काही लेख आहेत. घारापुरीच्या या मोठ्या लेण्यात आज त्याच्या कर्त्याचं नाव सांगणारी एक ओळ नाही. त्यामुळे अभ्यासकांना कोरीवकामाच्या शैलीवरून आणि सापडलेल्या नाण्यांवरून अंदाज बांधावे लागतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मिळाली आहेत. तो शैव होता. त्यावरून सहाव्या शतकाच्या मध्याला कलचुरींच्या काळात हे काम झालं असावं असं बरेच जण धरतात. वॉल्टर स्पिंक यांनी ही बाजू जोराने मांडली होती. काही जण कोकणच्या मौर्यांचं नाव घेतात. तो दगड जागेवर असता तर हा वाद झालाच नसता. भिंतीतून एक दगड काढणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पना नसणार. त्याने तर राजाला नजराणा पाठवला होता.

धक्क्यावरून आम्ही छोट्या गाडीत बसलो. भाच्याला गाडीचंच अप्रूप जास्त. मग त्या एकशे वीस पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांखाली दुकानं, शंख-शिंपल्यांच्या माळा, दगडी गणपती, छोटे हत्ती (हो, हत्ती भरपूर!), काकड्या, कैऱ्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली माकडं. दम खात खात वर पोचलो.

बेटावर लेणी एकूण सात. पाच शैव आणि पूर्वेकडच्या टेकडीवर दोन बौद्ध. त्याच टेकडीवर विटांचा स्तूपही आहे, शिवाच्या लेण्याहून कितीतरी जुना. बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांच्या वेळच्या दोन तोफा गंजत पडल्या आहेत. मुंबईच्या बंदरावर नजर ठेवायला आणून ठेवल्या होत्या. या तोफांपर्यंत चढून गेलात तर खाली खाडी आणि समोर ट्रॉम्बेपर्यंतचा देखावा दिसतो. भाचा तोफेवर स्वार झाला आणि उतरायला तयार होईना.

पण जायचं ते पहिल्या लेण्यासाठी. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ३९ मीटर खोल. बाहेरच्या उजेडातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब दिसायला लागतात आणि सर्वांत शेवटी, मागच्या भिंतीत, महेशमूर्ती. अठरा-वीस फुटांची. गाइड मंडळी अजूनही तिला त्रिमूर्ती म्हणून ब्रह्मा-विष्णू-महेश सांगतात. तसं ते नाही. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं शांत तत्पुरुष, आपल्या डाव्या हाताला उग्र अघोर आणि उजव्या हाताला कोमल वामदेव, ज्यात उमेचा भास होतो. १९४९ मध्ये स्वतंत्र भारताच्या प्राचीन शिल्पांवरच्या टपाल तिकिटांत हीच मूर्ती होती. माझ्या आजोबांच्या पत्रांवर ती कितीदा आली असेल आणि ठप्पा खाऊन गेली असेल.

आजूबाजूला अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, नटराज, योगीश्वर. लग्नाच्या शिल्पात पार्वतीने मान किंचित खाली घातली आहे. तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन. बरीचशी शिल्पं गुडघ्याखाली नाहीशी झाली आहेत. पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजी करून मूर्ती फोडल्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. एवढं सोपं ते असेल का याबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. १७१२ मध्ये आलेल्या कॅप्टन पाईक नावाच्या इंग्रजाने आवाज कसा घुमतो हे बघायला कुणा पोर्तुगीज सरदाराने आत तोफ उडवल्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. आणि त्यानेच हेही लिहिलंय की पावसाळ्यात इथे गुरं बांधली जातात. वरून झिरपणारं पाणी आणि खारी हवा तर बाराही महिने. मोडलेले कितीतरी खांब विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने नव्याने उभे केले आहेत. लक्ष देऊन पाहिलं तर जुना आणि नवा दगड वेगळा कळतो.

इंग्रजांचा आणखी एक पराक्रम. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, भारतात आला होता. त्याला या लेण्यात मेजवानी दिली गेली. टेबलं, दिवे, काटे-चमचे आणि मागे महेशमूर्ती. त्या रात्री गावातले लोक कुठे असतील, त्यांना वर जाऊ दिलं असेल का, हे कुठल्या वर्णनात मला मिळालं नाही. मिळणारही नाही. लिहिणारे सगळे लाँचने परतणारे होते.

पूर्वेकडच्या बाजूला रावण कैलास उचलतोय ते शिल्प आहे. बरंच झिजलंय, पण कळतं. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. रावण डोंगरच उपटायला बघतो, वर पार्वती घाबरते आणि शिव पायाच्या अंगठ्याने जरासा दाब देतो. भाच्याला ही गोष्ट सांगत होते आणि सांगता सांगताच मला बेटाचा सगळा हिशोब लागल्यासारखं झालं. जे सुटं होतं ते उचलून नेलं गेलं. दारावरचा लेख गेला, किनाऱ्याचा हत्ती गेला. उरलं ते डोंगरात कोरलेलं, म्हणजे डोंगर उपटल्याशिवाय नेता येणार नाही असं. महेशमूर्ती सुटी मूर्ती असती तर आज ती कुठल्या देशात असती?

आणि उरली माणसं. त्यांनाही कुणी उचलून नेलं नाही, पण त्यांच्याकडे फार कुणी बघितलंही नाही.

उतरताना एका दुकानापाशी थांबले. भाच्याला छोटा दगडी हत्ती घ्यायचाच होता. दुकान चालवणाऱ्या मावशी शेतबंदरच्या. घरची थोडी भातशेती, नवरा मासेमारीला, आणि पर्यटकांच्या मोसमात हे दुकान. पाणी प्यायला दिलं त्यांनी. गप्पा निघाल्या.

युनेस्कोने ही लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. बेटावर वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. मध्ये एकतीस वर्षं गेली. मुंबईचा झगमगाट समोर दिसतो, न्हावा-शेव्याच्या क्रेनवर रात्रभर दिवे जळतात, आणि या तीन वस्त्यांत संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास दिवे, की मग कंदील. शेवटी समुद्राच्या तळाखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, साधारण २५ कोटी खर्च आला आणि घरोघरी मीटर बसले. मावशींचा मुलगा जनरेटरच्या त्या तीन तासांत अभ्यास उरकायचा. मी "किती त्रास झाला असेल" असं काहीतरी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "त्रासाचं काय ताई, सवय होती. पण मासळी टिकायची नाय. फ्रिज आला, तेव्हा खरी वीज आल्यासारखी वाटली."

मी हे ऐकून गप्प झाले. वारसा, संवर्धन असे मोठमोठे शब्द डोक्यात घेऊन गेले होते. वारशाच्या नियमांमुळे इथे घर वाढवायचं तरी परवानग्या लागतात. पर्यटकांनी शेवटच्या लाँचने परत जायचं, मुक्कामाला परवानगी नाही. म्हणजे बेटाचं जे खरंखुरं गावपण, ते संध्याकाळी आपण गेल्यावर सुरू होतं. आपण लेणी बघतो, गाव बघतच नाही. मोराबंदर आणि राजबंदर मीसुद्धा पाहिली नाहीत. वेळ नव्हता. हे लिहिताना लाज वाटते.

त्यांना मी विचारलं, तो मोठा हत्ती नेमका कुठे उभा होता? त्यांनी मागच्या बाजूला हात केला, "तिकडं, पलीकडच्या अंगाला." मग आपण होऊनच सांगायला लागल्या. त्या स्वतः राणीच्या बागेत कधी गेल्या नाहीत. पण मुलगा लहान असताना शाळेची सहल गेली होती. संध्याकाळी लाँचमधून उतरल्या उतरल्या तो धावत आला. वाघ पाहिला, माकडं पाहिली, मगर पाहिली, ते काही नाही. पहिलं वाक्य काय, तर "आई, आपला हत्ती बघितला!"

आपला हत्ती.

मला आमचा फोटो आठवला. बाबांनी मागे लिहिलेलं 'हत्तीजवळ'. आम्ही त्याच्या इतके जवळ उभे राहिलो, आणि तो कुणाचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर दीडशे वर्षांनी जन्मलेल्या, त्याला कधीही न पाहिलेल्या मुलाला ते ठाऊक होतं. घरात कुणीतरी सांगितलं असणार. त्याच्या आजीने, आजीला तिच्या सासूने. दगडावरचा लेख हरवला, राजाला वाचता आला नाही. हे मात्र तोंडातोंडी टिकलं.

परतीच्या लाँचमध्ये भाच्याने पुन्हा विचारलं, "मग आता तो हत्ती परत आणून ठेवायचा ना इथे?" खरं सांगायचं तर माझं मन पटकन हो म्हणालं. मग विचार केला. एकदा तुकडे होऊन सांधलेला दगड आहे. पुन्हा उचलून समुद्रातून न्यायचा म्हणजे तोच खेळ दुसऱ्यांदा. १८६४ मध्ये क्रेन मोडली तेव्हा निदान उचलणाऱ्यांना माहीत नव्हतं. शिवाय आता तो भायखळ्याचाही झालाय. शंभरहून जास्त वर्षं तिथे उभा आहे. गिरणगावातल्या किती पोरांनी त्याच्या पायांशी डबे खाल्ले असतील. संग्रहालयाची इमारत २००८ मध्ये किती सुंदर दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. त्याच्या अंगणात तो नसेल तर तेही बरं दिसणार नाही.

त्यामुळे हत्ती राहू दे तिथे. पण राणीच्या बागेत पोरांना घेऊन जाल तेव्हा पेंग्विन झाल्यावर दोन मिनिटं त्याच्यापाशी थांबा आणि सांगा की हा घारापुरीचा. आणि घारापुरीला जाल तेव्हा 'एलिफंटा' म्हणण्याआधी एकदा 'घारापुरी' म्हणा. लेणी बघून झाल्यावर एखाद्या वस्तीत डोकावून या, पाणी मागा, चार शब्द बोला. एवढ्याने कुणाचा इतिहास परत मिळत नाही हे मलाही कळतं. पण ज्यांनी तो तोंडातोंडी राखून ठेवला त्यांच्याशी आपण निदान एकदा बोललेलो तरी असतो.

असो. बरंच लांबलं. दादा, हे वाचत असशील तर त्या फोटोची तुझ्याकडची प्रत शोध, माझ्या प्रतीचा कोपरा फाटलाय. बाबांच्या अक्षराखाली मी परवा पेन्सिलीने एक ओळ वाढवली: 'हत्ती घारापुरीचा.' पेनाने लिहायचा धीर झाला नाही. बाबा असते तर म्हणाले असते, एवढं कळायला तुला पन्नास वर्षं लागली का गं?